यादीत झड नव्हती

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



दोस्तहो, आयोजकांनी मला विषय दिला होता ‘तंत्रज्ञान आणि शेती’. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि शेतकऱ्याचा मुलगा, म्हणून त्यांना वाटलं असेल की हा ड्रोन आणि उपग्रहांवर बोलेल. मी आज माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. ही चूक मी कोडमध्ये केली होती आणि ती माझ्या अब्बांनी पकडली. अब्बा सातवी शिकलेत.

माझं गाव मांजरा नदीच्या काठाला आहे. घरची पाच एकर काळी जमीन. खरिपात सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी, एक एकर उडीद, थोडी घरच्या खाण्यापुरती हायब्रीड ज्वारी. उडीद निघाला की त्या रानात रब्बीची ज्वारी. या जमिनीवर आमचं घर चाललं, बहिणींची लग्नं झाली आणि माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली. आता बारा वर्षं झाली, मी पुण्यात नोकरी करतो.

२०२२ साली आमच्या कंपनीकडे एक काम आलं. पिकांच्या नुकसानीचा सर्व्हे करणाऱ्या लोकांसाठी मोबाइल ॲप बनवायचं होतं. त्यातला फॉर्म मी तयार केला. पाच रकाने होते. पहिला गट क्रमांक, दुसरा पीक, तिसरा नुकसानीचं कारण, चौथा तारीख आणि पाचवा नुकसानीची टक्केवारी. कारणासाठी सात पर्यायांची यादी होती: पूर, गारपीट, अतिवृष्टी, दुष्काळ, वादळ, वीज आणि कीड-रोग. त्यातलं एकच निवडता यायचं. टक्केवारीसाठी बोटानं सरकवायची पट्टी होती, शून्यापासून शंभरापर्यंत. दीड मिनिटात फॉर्म भरून व्हायचा. मला त्याचा फार अभिमान होता.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो आणि म्हटलं, घरच्याच लोकांवर तपासून बघू. ओट्यावर अब्बा होते. शेजारचे नाना होते, ज्यांचा आणि आमचा बांध एक आहे. आणि खाला होत्या, त्या दुसऱ्याची दोन एकर बटईनं करतात. मी मोबाइल अब्बांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, यादी वरपासून खालपर्यंत वाचली, परत वर नेली आणि मला विचारलं, “इसमें झड किदर है रे?”

तुमच्यातले जे शहरात वाढलेत त्यांच्यासाठी सांगतो. झड म्हणजे लागून राहिलेला पाऊस. मोठा नसतो, बारीक असतो. पण आठ-आठ, दहा-दहा दिवस ऊन पडत नाही, कपडे वाळत नाहीत आणि रानात पाय ठेवता येत नाही.

मी म्हटलं, “अब्बा, अतिवृष्टी निवडा की.” ते म्हणाले, “वो अलग.”

आणि ते खरोखरच वेगळं आहे. सरकारी हिशेबात अतिवृष्टीची व्याख्या ठरलेली आहे. चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी. मंडळातल्या पर्जन्यमापकानं तो मोजायचा, आणि एका मंडळात बरीच गावं येतात. झडीत रोज दहा-पंधरा मिलिमीटर पडतो. एकाही दिवशी ६५ चा आकडा ओलांडला जात नाही, म्हणजे कागदावर काहीच घडलेलं नसतं. इकडे उडदाच्या शेंगा पिकून काळ्या झालेल्या असतात, तोडायला दोन दिवसांचं ऊन हवं असतं, आणि त्या दोन दिवसांऐवजी आठ दिवस झड लागते. शेंगेतल्या शेंगेत दाण्याला कोंब फुटतात. जो दाणा हाती लागतो तो डागी असतो आणि बाजारात त्याचा भाव पडतो.

गंमत म्हणजे, त्याच झडीत शेजारची तूर खूश असते. पाण्याचा निचरा चांगला असेल तर तिला काही होत नाही. पाऊस तोच, रान तेच, आणि एका पिकाचं वाटोळं होतं तर दुसऱ्याला चैन पडते. म्हणून अब्बा पाऊस मिलिमीटरमध्ये मोजत नाहीत. पाऊस कोणत्या पिकाला कोणत्या वयात गाठतो, यावर त्यांचा हिशेब असतो. मी तारखेचा रकाना दाखवला तेव्हा नाना हसले. म्हणाले, “तारीख कशाला पुसतो लेकरा? ज्वारी पोटऱ्यात होती का चिकात होती, ते पूस.”

पोटऱ्यात म्हणजे कणीस अजून पानांच्या आवरणात असताना. चिकात म्हणजे दाण्यात दूध भरलेलं असताना. हीच ज्वारी काढणीला आल्यावर भिजली तर कणसं काळी पडतात, बुरशी चढते. माझ्या फॉर्ममध्ये तारीख होती, पण पिकाचं वय कुठेच नव्हतं. मीच तर याच रानात वाढलो होतो. मला पोटरी आणि चिक दोन्ही शब्द माहीत होते. फॉर्म बनवताना ते आठवले नाहीत, कारण मला काम देणाऱ्यांनी ते मागितले नव्हते.

मग नानांनी दुसरा प्रश्न टाकला. तुम्हाला आठवत असेल, २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव या भागात गोगलगायींनी धुमाकूळ घातला होता. सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात खाल्ली. नाना म्हणाले, “आता माझंच बघ. पाऊस लागून राहिला म्हणून गोगलगाय झाली. गोगलगायीनं रोप खाल्लं म्हणून दुबार पेरणी केली. दुबार पेरलं म्हणून पीक मागं पडलं. मागं पडलं म्हणून परतीच्या पावसात उभंच सापडलं. आता तुझ्या यादीत बोट कशावर ठेवू? गोगलगायीवर का पावसावर?”

दोस्तहो, आपण इंजिनिअर लोक अशा प्रश्नाला ‘अपवाद’ म्हणतो आणि बाजूला ठेवतो. पण नानांना अपवाद वाटत नव्हता. त्यांच्या सगळ्या वाईट वर्षांची गोष्ट अशीच होती. संकट एकटं येत नाही. उशिरा आलेला पाऊस पेरणी लांबवतो, लांबलेली पेरणी पुढच्या पावसाच्या तोंडी जाते, ओल्या रानाला वाफसा येत नाही म्हणून रब्बी लांबते, आणि लांबलेल्या रब्बीचा दाणा उन्हाच्या तडाख्यात भरत नाही. शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर ही अख्खी साखळी असते. आमचा फॉर्म त्यातली एक कडी उचलतो आणि विचारतो, हीच ना?

आता टक्केवारीची पट्टी. नानांनी ती मागे-पुढे सरकवून बघितली आणि विचारलं, “शंभर म्हंजे कंचं शंभर?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी फोड करून सांगितलं. गेल्या साली आलं ते शंभर, का बापाच्या काळात यायचं ते, का या वर्षी खत-बियाणाला जेवढा पैसा घातला त्याच्या हिशेबानं यायला पाहिजे होतं ते? चार वर्षं पाठोपाठ मार बसला असेल तर पाचव्या वर्षी माणूस कशाला शंभर म्हणेल?

हा प्रश्न किती खोल आहे ते मला पुण्यात परत आल्यावर, नियम वाचताना समजलं. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ पासून सुरू आहे. त्यात मंडळाचं ‘उंबरठा उत्पन्न’ काढतात. आधीच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तरानं गुणायचं, म्हणजे समजा ७० टक्के. प्रत्यक्ष उत्पन्न त्याच्या खाली गेलं तर भरपाई. सातातली सगळ्यात वाईट दोन वर्षं वगळतात, हे चांगलंच आहे. पण सातात चार वर्षं वाईट असतील तर? दोन वगळली जातील आणि दोन सरासरीत बसतील. म्हणजे संकटं जितकी वारंवार येतील तितकं ‘शंभर’ खाली घसरत जाईल. नानांनी कोणताही नियम न वाचता नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं.

सरकारी मदतीलाही असाच एक उंबरठा आहे. नुकसान किमान ३३ टक्के असलं पाहिजे. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती, म्हणजे तेवढी सुधारणा झाली. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांनुसार कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये होते, एकरी साधारण ३,४००. राज्य सरकार कधी त्यात भर घालतं, कधी नाही. पण पंचनाम्यात ३० टक्के लिहिलं की शून्य आणि ३५ लिहिलं की मदत, हा फरक माझ्या त्या पट्टीवर बोटाच्या अर्ध्या पेराएवढाही नव्हता.

या सगळ्या वेळात खाला गप्प बसून होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, “माझा फॉर्म कसा भरायचा? गट नंबर मालकाचा, रान मालकाचं. नुकसान तेवढं माझं.”

फॉर्मचा पहिलाच रकाना गट क्रमांकाचा. तो भरल्याशिवाय पुढचा उघडत नव्हता. म्हणजे खालांसाठी माझं ॲप पहिल्याच दारात बंद होतं. कुळानं किंवा भाडेपट्ट्यानं शेती करणाऱ्याला विमा काढता येतो असं नियम सांगतो. पण त्याला नोंदवलेला करार लागतो. आमच्याकडे बटईचा करार ओट्यावर बसून, तोंडी होतो. कोणता मालक त्यासाठी नोंदणी कार्यालयात येईल? त्यामुळे मदत येते ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात. मालक चांगला असेल तर त्यातलं काही देतो. आपल्या समाजात अशा खाला, अशा मामू, दुसऱ्याच्या रानात राबणारे किती आहेत, हे तुम्ही आपापल्या गावात मोजून बघा. इतर समाजांतही आहेत. बटईला जात-धर्म नसतो.

खालांचं नुकसान मोजायचं मापही निराळं होतं. मी विचारलं, “किती टक्के गेलं?” त्या म्हणाल्या, “होळीपर्यंतची भाकर गेली.” त्यांच्या मनात क्विंटल नव्हते. घरात खाणारी माणसं पाच, ज्वारी अमुक पोती, म्हणजे अमुक महिन्यांपर्यंत विकत आणायची गरज नाही. ज्वारी काळी पडली तर ती विकता येत नाही. मग तीच घरी दळतात, भाकर काळपट होते, चव बदलते, लेकरं तोंड वाकडं करतात. सर्व्हेच्या कागदावर उत्पन्नाच्या रकान्यात तीच ज्वारी ‘आली’ म्हणून मोजली जाते.

आणि कडबा. हा शब्द तर माझ्या संपूर्ण ॲपमध्ये नव्हता. आमच्याकडे रब्बीची ज्वारी, मालदांडी म्हणा किंवा तिची भावंडं, अर्धी माणसांसाठी आणि अर्धी जनावरांसाठी पेरतात. दाणा पोत्यानं मोजतात, कडबा पेंढ्यांनी, शेकड्यावर. २०१४ ची गारपीट तुम्हाला आठवत असेल. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात आणि राज्यात इतरत्र गारा पडल्या. ज्वारी, गहू, हरभरा काढणीला आलेला होता. पक्षी मेले, जनावरं मेली. मी तेव्हा पुण्यात नोकरीला नवा होतो. अब्बांनी फोनवर सांगितलं होतं, “ज्वारी लोळली, दाणा तर गेलाच, पण कडबा काळा पडला.” त्यातल्या ‘पण’चा अर्थ मला तेव्हा कळला नाही. दाणा रेशनवर किंवा बाजारात मिळू शकतो. कडबा अख्ख्या शिवाराचाच काळा पडला तर तो आणायचा कुठून? त्या उन्हाळ्यात आमची बैलजोडी विकली गेली. ती परत कधी आली नाही. गारपिटीचं ते नुकसान कोणत्याही पंचनाम्यात नाही.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असेल. शहरातले माझे मित्र म्हणतात, शेतकरी सगळं नशिबावर सोडतो. अब्बाही प्रत्येक पावसाला ‘अल्लाह मालिक’ म्हणतात. नाना ‘पांडुरंगाची इच्छा’ म्हणतात. पण तोंडातलं वाक्य ऐकून थांबू नका, हात काय करतात ते बघा. अब्बा सोयाबीनमध्ये तूर घालतात, कारण सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन गेलं तर जानेवारीत तूर हाती लागते. एक एकर उडीद ठेवतात, कारण तो लवकर निघतो आणि रब्बीच्या पेरणीला पैसा होतो. घरचं बियाणं एका वर्षाचं जास्त ठेवतात. नानांनी दोन गटांत मुद्दाम आठ दिवसांच्या अंतरानं पेरणी केली होती. विम्याची कल्पना यांना शिकवायला कोणी आलं नव्हतं, रानातच त्यांनी आपला विमा काढून ठेवलाय.

याचा अभ्यासही झालेला आहे. १९७० च्या दशकात हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेनं सोलापूर, अकोला आणि महबूबनगर जिल्ह्यांतल्या सहा गावांत शेतकरी कुटुंबांचा अभ्यास सुरू केला. हान्स बिन्सवांगर नावाच्या अर्थतज्ज्ञानं त्या गावांत शेतकऱ्यांबरोबर खरे पैसे लावून एक खेळ खेळला. कमी पण पक्कं घेणार, का जास्त मिळण्याच्या आशेनं जोखीम उचलणार? रक्कम मोठी झाली तेव्हा बहुतेक लोक सारखंच वागले, मध्यम सावधपणानं. गरीब आणि सधन यांच्या वृत्तीत मोठा फरक सापडला नाही. त्यांचा निष्कर्ष असा होता की शेतीत गुंतवणूक कोण करतो आणि कोण करत नाही, याचं कारण स्वभावापेक्षा कर्ज, साधनं यांच्या उपलब्धतेत शोधायला हवं. म्हणजे ‘शेतकरी घाबरट’ किंवा ‘शेतकरी दैववादी’ या आपल्या निदानाला पन्नास वर्षांपूर्वीच तडा गेला आहे.

या सावधपणाचा आणखी एक परिणाम माझ्या डोळ्यांदेखत झाला. आमच्या शिवारातली ज्वारी कमी झाली आणि सोयाबीन वाढलं. त्याला कारणं बरीच आहेत. मजूर मिळत नाहीत, रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. पण नानांनी दिलेलं कारण मला कुठल्या लेखात सापडलं नव्हतं. “काळी ज्वारी फुकट कोणी घेत नाही. सोयाबीन डागी झालं तरी पाडून का होईना, भाव करतात.” म्हणजे संकटं वाढली तशी माणसानं आपल्या ताटातलं पीक सोडून बाजारातलं पीक धरलं. ताटातलं पीक भिजलं की सगळंच जातं आणि बाजारातलं भिजलं की थोडं तरी उरतं.

तर, मी पुण्याला आलो आणि फॉर्म बदलायचं ठरवलं. पाच मागण्या मांडल्या. एकापेक्षा जास्त कारणं निवडता यावीत. तारखेबरोबर पिकाची अवस्था असावी. कडब्याचा वेगळा रकाना असावा. शेत कसणाऱ्याचं नाव मालकापेक्षा वेगळं लिहिता यावं. आणि शेतकऱ्याचं म्हणणं त्याच्याच आवाजात रेकॉर्ड व्हावं. पाचपैकी दोन मान्य झाल्या, पिकाची अवस्था आणि आवाज. बाकीच्यांवर उत्तर आलं की त्यानं आकडेवारी ‘गुंतागुंतीची’ होईल. खरं सांगायचं तर रेकॉर्ड झालेले आवाज पुढे कोणी ऐकले असतील असं मला वाटत नाही. ऐकायला माणूस लागतो, टक्केवारीची बेरीज संगणक करतो.

हे सांगून मी भाषण संपवलं असतं तर मी चांगला ठरलो असतो. पण त्यानंतर जे झालं तेच मला जास्त टोचतं.

२०२४ च्या सप्टेंबरच्या १ आणि २ तारखेला मराठवाड्यात जोराचा पाऊस झाला. बातम्यांत परभणी, हिंगोली, नांदेडचे पूर दिसत होते. आमच्या रानात पूर नव्हता. आधीपासून झड होती आणि नंतरही राहिली. एक एकर उडीद पिकून उभा होता. तेव्हा राज्यात एक रुपयात पीक विमा होता आणि स्थानिक आपत्तीची माहिती ७२ तासांच्या आत कळवायची अट होती. गावात लाइट नव्हती, रेंज येत-जात होती. चौथ्या दिवशी अब्बांचा फोन लागला. म्हणाले, उडदाला कोंब आले.

आणि मी, झडीवर सहकाऱ्यांना व्याख्यान देणारा माणूस, पहिलं वाक्य काय बोललो? “अब्बा, ७२ तासांत फोटो टाकायला पाहिजे होता ना.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “फोटो काढत बसलो असतो तर शेंगा कोण तोडलं असतं?”

त्या तीन दिवसांत अब्बा, अम्मी आणि माझी पुतणी, तिघं चिखलात उतरून मिळतील तेवढ्या शेंगा तोडत होते. ओट्यावर, घरात, पलंगाखाली पसरवत होते. पंखा नाही, ऊन नाही. अम्मीनं तव्यावर शेंगा गरम करून बघितल्या. एकराच्या रानातून जे वाचलं ते घरच्या डाळीपुरतं. विम्याच्या हेल्पलाइनला मी पुण्यातून फोन केला. मुदत संपल्याचं उत्तर मिळालं. मी भांडलो नाही, नियम त्यांच्या बाजूनं होता.

पण नियमाची घडण बघा. संकटाचे पहिले तीन दिवस, जेव्हा शेतकऱ्याला पीक वाचवायचं असतं, तेच तीन दिवस नियमाला पुरावा हवा असतो. हा नियम लिहिणाऱ्याच्या मनात नुकसान म्हणजे घडून गेलेली गोष्ट असते. शेतकऱ्यासाठी ते अजून चालू असतं, आणि त्याला वाटत असतं की आपल्या हातांनी ते थोडं कमी करता येईल.

खरीप २०२५ पासून राज्यात एक रुपयाचा विमा बंद झाला. शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का झाला आणि भरपाई मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर ठरू लागली. म्हणजे ७२ तासांचा तो प्रश्नच राहिला नाही, कारण एकट्याच्या रानातलं नुकसान कळवायची ती सोयच गेली. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मांजरा, तेरणा, सीना पात्र सोडून वाहिल्या. नानांची नदीकडची दीड एकर खरडून गेली. वरची काळी माती गेली, खाली मुरूम दिसायला लागला. वाहून गेलेल्या जमिनीला केंद्राच्या निकषांत तेव्हा हेक्टरी ४७,००० रुपये होते. नाना पैशाबद्दल फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “पीक गेलं तर माझं साल जातंय. माती गेली तर नातवाचं जातंय.”

आता तुम्हाला काय सांगू? मी धोरण ठरवणारा नाही. पण तुमच्यापैकी निम्मे तरी कॉम्प्युटर, कॉमर्स, सिव्हिल, नर्सिंग शिकताय. उद्या तुम्ही फॉर्म बनवणार, फॉर्म भरून घेणार किंवा फॉर्मवर सही करणार. तेव्हा एवढं करा. यादी बनवायच्या आधी ज्याचं नुकसान झालंय त्याला विचारा की तुमच्याकडे या गोष्टीला काय म्हणतात. त्याच्याकडे शब्द असेल आणि तुमच्या यादीत नसेल, तर खोट यादीत आहे.

आणि ज्यांचं घर अजून शेतीवर आहे त्यांनी एक वही घाला. आमच्या घरी माझी पुतणी लिहिते, नववीत आहे. साधी शंभर पानी वही. तारीख, नक्षत्र, पाऊस रिमझिम का जोराचा, ऊन पडलं का नाही, कोणतं पीक कोणत्या अवस्थेत, दाणा किती, कडबा किती, घरी किती ठेवलं. शेवटचा रकाना तिनं स्वतःच आखला, ‘दादा काय म्हणाले’. अब्बांना ती दादा म्हणते. या वहीला कोणतंही कार्यालय पुरावा मानेल असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी मंडळाच्या आकड्यावर हरकत घ्यायची वेळ आली, ग्रामसभेत उभं राहायची वेळ आली, तर आमच्याकडे आठवणीबरोबर तारखाही असतील. खालांच्या बटईच्या रानाचीही एक वही आहे, तीही पुतणीच लिहिते. तिच्यावर गट नंबर मालकाचा आहे, पण नाव खालांचं आहे.

शेवटचं. घरून फोन येईल तेव्हा, कोणत्याही संकटात, आधी उडदाचं विचारा. शेंगा किती वाचल्या, अम्मीचे हात-पाय दुखतायत का, कडब्याचं काय केलं. फोटोचं नंतर विचारा.